तुरुंगातला डॉक्टर नक्की कुणाचा?

"तुरुंगात फुकट जेवण, फुकट औषधपाणी, वर डोक्याला ताप नाही. आपल्यापेक्षा तेच बरे!" हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असणारच. ऑफिसच्या कँटीनमध्ये, कॅबमध्ये, नाहीतर फॅमिली ग्रुपवर. म्हणणाऱ्याने तुरुंग बहुधा सिनेमातच पाहिलेला असतो. (मीही आतून पाहिलेला नाही, आणि पाहायची हौसही नाही.) पण या वाक्यातल्या "फुकट औषधपाणी" या दोन शब्दांवर आज बोलायचंय. औषध फुकट आहे हे खरं, पण ते हातात पडेलच याची खात्री नाही. आणि याचं खापर दरवेळी पैशांवर फोडता येत नाही. दोष रचनेतच आहे. एरवी आपण रचनेवर बोलायचे पैसे घेतो, या विकांताला फुकट बोलू.

नमनाला घडाभर तेल नको. माझं म्हणणं एका ओळीत असं: कैदी आजारी आहे का, आणि त्याला दवाखान्यात न्यायचं का, हे ठरवायचा शेवटचा अधिकार ज्याने त्याला कोंडलंय त्याच्या हातात असता कामा नये. बास. बाकीचं सगळं यातूनच निघतं.

उदाहरण म्हणून चकलांबा घेऊ. बीड जिल्हा, तालुका गेवराई. माझं आजोळ त्या बाजूचं, म्हणून तो भाग जरा ठाऊक आहे. तुमच्यापैकी बहुतेकांनी हे नाव पहिल्यांदाच ऐकलं असेल. पण गावाला पोलीस ठाणं आहे, आणि ठाणं आहे म्हणजे अटक होणारी माणसंही आहेत.

समजा, त्या हद्दीत बांधावरून भांडण झालं. दोघांची डोकी फुटली, दोन्हीकडून तक्रारी झाल्या, त्यात एका पन्नाशीच्या माणसाला अटक झाली. त्याला शुगर आहे, बीपी आहे, रोजच्या गोळ्या घरी फडताळात राहिल्यात. आता कायदा काय म्हणतो? अटकेनंतर लगेच सरकारी डॉक्टरने त्याला तपासलं पाहिजे. आधी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यात ते कलम ५३ आहे. त्याच संहितेचं कलम ५६ सांगतं की आरोपी ज्याच्या ताब्यात, त्याच्यावर आरोपीच्या प्रकृतीची काळजी घ्यायची जबाबदारी. चोवीस तासांत गेवराईच्या कोर्टात हजर करायचं. पीसीआर मिळाली तर कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी, हे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ सालीच सांगून ठेवलंय. पुढे पीसीआर संपते, एमसीआर होते, आणि आपला माणूस बीडच्या जिल्हा कारागृहात जातो.

इथपर्यंत कागदावर सगळं ठीक. आता रात्री दोन वाजता बराकीत त्याच्या छातीत कळ आली असं धरा.

तो ओरडणार. शेजारचे कैदी दार वाजवणार. ड्युटीवरचा शिपाई येणार आणि हे खरं की नाटक याचा अंदाज बांधणार. त्याला खरं वाटलं तर तो वरच्याला उठवणार. मग तुरुंगाचा डॉक्टर (जागेवर असेल तर, त्याचं पद भरलेलं असेल तर). डॉक्टर म्हणाला, बाहेर न्या, की मग अधीक्षकांची परवानगी. मग पोलीस मुख्यालयाकडे गार्डची मागणी, कारण बंदोबस्ताशिवाय कैदी गेटबाहेर जाऊ शकत नाही. मग गाडी. मग जिल्हा रुग्णालय. तिथे म्हणाले "घाटीला न्या", तर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास छत्रपती संभाजीनगर. नाहीतर अंबाजोगाईचं मेडिकल कॉलेज. आणि दोन्हीकडे पुन्हा गार्डचा प्रश्न आहेच.

मोजा जरा. एका माणसाच्या छातीतल्या कळेला किती जणांनी "हो" म्हणावं लागलं? आणि त्यातले डॉक्टर किती?

हाच माणूस घरी असता तर? चुलतभावाने मोटरसायकल काढली असती, याला दोघांच्या मधे बसवून गेवराई गाठली असती. तिथे डॉक्टर भेटला नसता तर बीड. पैसे नसते तर उसनवारी, नाहीतर मुकादमाकडून उचल. हाल झालेच असते, ग्रामीण भागातल्या आरोग्यसेवेचं गुणगान करण्यात अर्थ नाही. पण पाय त्याचे स्वतःचे असते. तुरुंगात सरकारने त्याचे पाय काढून घेतलेत. कायद्याने घेतलेत, ठीक. पण मग ते पाय व्हायची जबाबदारी कुणाची? ज्याने घेतले त्याची. यात दयामाया कुठून आली? साधा व्यवहार आहे हा.

आता मूळ दुखणं. आपले तुरुंग सव्वाशे वर्षांहून जास्त काळ ज्या कायद्याच्या साच्यात वाढले तो १८९४ चा कारागृह अधिनियम. साहेबाने केलेला. मजा म्हणजे तो अगदीच निर्दय नाही. कलम ३९ म्हणतं, प्रत्येक तुरुंगात दवाखाना किंवा आजाऱ्यांसाठी योग्य जागा हवी. कलम ३७ म्हणतं, कैद्याने डॉक्टरला भेटायचंय असं सांगितलं किंवा तो आजारी दिसला, तर विनाविलंब जेलरला कळवा. कलम २४ म्हणतं, कैदी आत आला की त्याची तपासणी करून प्रकृती, जखमा, खुणा एका वहीत लिहा.

वा! पण ती वही कुणी ठेवायची? जेलरने. आणि कलम १३ मध्ये डॉक्टरची कामं सांगताना सुरुवातच "अधीक्षकाच्या नियंत्रणाखाली" अशी आहे.

म्हणजे डॉक्टरच्या डोक्यावर तुरुंगाचा अधीक्षक, आणि अंगावरच्या जखमांची नोंद जेलरच्या कपाटात. आपल्या क्षेत्रात कुणी असं डिझाईन आणलं की ज्याचं ऑडिट करायचं त्याच्याचकडे लॉग फाईल, आणि ऑडिटरने रिपोर्टही त्यालाच करायचं, तर आपण त्याला मीटिंगमधून हाकलून देऊ. इथे ते १८९४ पासून प्रॉडक्शनवर चाललंय!

त्या वहीचं महत्त्व मराठवाड्यात तरी समजावून सांगायला नको. बीडच्या शेजारी परभणी. तिथे १० डिसेंबर २०२४ ला संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यानंतर आंदोलन पेटलं आणि धरपकड झाली. त्यात सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. सुरुवातीला हृदयविकाराचा झटका असं सांगण्यात आलं. घाटीत शवविच्छेदन झालं, त्याच्या अहवालात अंगावरच्या अनेक जखमांमुळे बसलेला धक्का असं कारण आलं. ४ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथे ३० जुलैला तोच आदेश कायम राहिला. दोषी कोण ते कोर्ट ठरवेल. माझा प्रश्न अलीकडचा आहे. ठाण्यातून कोर्टात आणि कोर्टातून तुरुंगात जाताना प्रत्येक टप्प्यावर त्याला डॉक्टरने तपासायला हवं होतं. पोलिसांचं किंवा तुरुंगाचं काहीही न लागणाऱ्या डॉक्टरने त्याला सदरा काढायला लावून पाहिलं असतं आणि कागदाची एक प्रत थेट न्यायाधीशांकडे गेली असती, तर? एक मेलेला माणूस बोलायला लागावा म्हणून शवविच्छेदनाची वाट पाहावी लागते, याहून मोठी नामुष्की कुठली?

आता आजाराकडे येऊ. फादर स्टॅन स्वामी, वय ८३, पार्किन्सनने हात थरथरत. ऑक्टोबर २०२० मध्ये एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली, रवानगी तळोजा कारागृहात. पेला धरता येत नाही म्हणून स्ट्रॉ आणि सिपर मिळावा असा त्यांनी कोर्टात अर्ज केला, तर उत्तर द्यायला तपास यंत्रणेने वीस दिवस मागितले. स्ट्रॉसाठी! मे २०२१ च्या शेवटी त्यांना खासगी रुग्णालयात हलवलं, तेही उच्च न्यायालयाने सांगितल्यावर. ५ जुलै २०२१ ला ते गेले. खटला सुरूच झाला नव्हता. त्याच काळात उच्च न्यायालयात सांगितलं गेलं की तळोजासारख्या मध्यवर्ती कारागृहातले तिन्ही डॉक्टर आयुर्वेदाचे आहेत. आयुर्वेदाशी माझं भांडण नाही, पण कोविडच्या लाटेत ऑक्सिजन उतरलेल्या माणसाला काय काढा पाजायचा? त्याच प्रकरणातल्या गौतम नवलखांचा चष्मा तुरुंगात चोरीला गेला, घरच्यांनी नवा पाठवला तर पार्सल परत. डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाला तुरुंग अधिकाऱ्यांना माणुसकीची आठवण करून द्यावी लागली.

"ते नक्षलवादी प्रकरणातले, त्यांच्याबद्दल काय बोलायचं" असं कुणी म्हणेल. बरं. मग गडचिरोलीचा पांडू नरोटे घ्या. जी. एन. साईबाबांच्या खटल्यात जन्मठेप झालेला आदिवासी तरुण. ऑगस्ट २०२२ मध्ये नागपूर मध्यवर्ती कारागृहात असताना आजारी पडला आणि दगावला. कारण स्वाइन फ्लू. ५ मार्च २०२४ ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्या खटल्यातल्या सगळ्यांना निर्दोष सोडलं, त्यालाही. दीड वर्ष आधी मेलेल्या माणसाला निर्दोष सोडलं! आता ही सुटकेची ऑर्डर बजावायची कुणावर?

ही नावं आपल्याला कळली, कारण त्यांच्यामागे वकील होते, वर्तमानपत्रं होती. चकलांब्याच्या आपल्या माणसामागे कोण आहे? त्याची बायको, तीही बहुधा कारखान्यावर तोडीला गेलेली.

थोडे आकडे देतो, कंटाळू नका. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं आहेत. त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. चारातले तीन. त्या वर्षी तुरुंगांत १,९९५ मृत्यू झाले. त्यातले १,७७३ "नैसर्गिक". आणि या नैसर्गिकमधले १,६७० आजाराने, वार्धक्याने फक्त १०३. हा नैसर्गिक शब्द मला फार खटकतो. वेळेत उपचार मिळून मेला तरी नैसर्गिक, आणि गार्ड आला नाही म्हणून मेला तरी नैसर्गिक. दोन्ही एकाच रकान्यात. आमच्याकडे सर्व्हर आपोआप बंद पडला आणि कुणी फोन उचलला नाही म्हणून बंद राहिला, या दोन गोष्टी वेगळ्या लिहाव्या लागतात. माणसाच्या बाबतीत ती गरज कुणालाच वाटलेली नाही.

केंद्राच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत दर ३०० कैद्यांमागे एक डॉक्टर हवा असं म्हटलंय. महाराष्ट्राच्या तुरुंगांत २०२२ अखेर क्षमता पंचवीस हजारांच्या घरात आणि माणसं एकेचाळीस हजारांच्या. भागाकार करा. एकशे पस्तीसच्या वर डॉक्टर हवेत, तेही फक्त कैद्यांसाठी, पूर्णवेळ.

आता नेहमीचे आक्षेप.

पहिला: "कैदी नाटकं करतात, दवाखान्यात मजा मारतात." करतात ना. पुण्याच्या ससूनमध्ये वॉर्ड नंबर १६ मध्ये कैदी म्हणून महिनोन्महिने "उपचार" घेणारा अमली पदार्थ प्रकरणातला आरोपी ललित पाटील २ ऑक्टोबर २०२३ ला तिथून पळून गेला, अख्ख्या महाराष्ट्राने पाहिलं. पण गंमत बघा. त्याच ससूनमध्ये शंभर वर्षांपूर्वी येरवड्याचा आणखी एक कैदी आला होता. जानेवारी १९२४, मोहनदास गांधी, अपेंडिक्स. कर्नल मॅडॉक नावाच्या इंग्रज सर्जनने १२ जानेवारीच्या रात्री ऑपरेशन केलं, मधेच वीज गेली तर कंदिलाच्या उजेडात पूर्ण केलं. साहेबाच्या राज्यात, साहेबाच्या शत्रूवर. ते गांधी होते म्हणून, हे मान्य. पण माझा मुद्दा तोच आहे. येरवडा ते ससून रस्ता १९२४ मध्येही होता आणि २०२३ मध्येही आहे. नाव मोठं असेल किंवा खिसा मोठा असेल तर तो रस्ता उघडतो. तिसऱ्याला गार्ड मिळत नाही. खोटा रोगी आत शिरतो आणि खरा रोगी बाहेर मरतो, या दोन तक्रारी वेगळ्या नाहीत. दरवाजाची किल्ली डॉक्टरकडे नाही, हा एकच बिघाड दोन्हीकडे दिसतो.

दुसरा: "बाहेर शेतकऱ्याला डॉक्टर मिळेना, तुम्हाला कैद्यांची पडलीय." शेतकरी आणि कैदी ही दोन वेगळी माणसं आहेत असं मानलं तरच हा मुद्दा टिकतो. बीडच्या तुरुंगात कोण आहे असं वाटतं तुम्हाला? बहुतेक तोच शेतकरी, तोच मजूर. आणि आजार भिंतीला जुमानत नाही. टीबीचा साधा कोर्स सहा महिन्यांचा. दाटीवाटीच्या बराकीत टीबी झाला, दोन महिन्यांनी जामीन झाला, गडी गावी आला आणि गोळ्या तुटल्या. आता तो टीबी तुरुंगाचा राहिला नाही, चकलांब्याचा झाला, त्याच्या घरातल्या लेकरांचा झाला. टीबीच्या रुग्णांची नोंद ठेवायला सरकारची निक्षय प्रणाली आहे. तुरुंगांसाठी ई-प्रिझन्स आहे. सुटकेच्या दिवशी रोग्याच्या गावच्या आरोग्य केंद्राला कळवायला यापेक्षा वेगळं काय लागतं? दोन खात्यांची एकमेकांशी बोलायची इच्छा.

तिसरा: "गुन्हा केला, भोगू दे." भोगू दे की. कोर्टाने सांगितली तेवढी वर्षं भोगू दे. कुठल्या निकालपत्रात लिहिलंय की सक्तमजुरी तीन वर्षं आणि सोबत एक न तपासलेला हार्ट अटॅक?

मग करायचं काय? चार गोष्टी, आणि एकही चंद्रावर जाण्याइतकी अवघड नाही.

एक, तुरुंगातला डॉक्टर रोजच्या कामात जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखाली हवा, अधीक्षकाच्या नको. फ्रान्सने १९९४ साली कैद्यांची आरोग्यसेवा आरोग्य मंत्रालयाकडे दिली. इंग्लंडने २००६ पर्यंत ती त्यांच्या सरकारी आरोग्यसेवेकडे, एनएचएसकडे सोपवली. ज्या साहेबाचा १८९४ चा कायदा आपण उराशी धरला, त्याने स्वतःच्या घरी तो प्रकार केव्हाच सोडला! संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांत तर सरळ म्हटलंय की वैद्यकीय निर्णय वैद्यकीय माणसानेच घ्यायचा, तुरुंगाच्या कर्मचाऱ्याने तो फिरवायचा नाही. केंद्राने २०२३ मध्ये राज्यांसाठी नवा आदर्श कारागृह कायदा तयार केला. नवे कायदे, नवे नियम लिहिताना "अधीक्षकाच्या नियंत्रणाखाली" हे शब्द राहतात की जातात, एवढं एकच बघा.

दोन, दवाखान्यासाठीचा गार्ड वेगळा, कायमचा. आज गणपतीचा बंदोबस्त, उद्या मंत्र्याचा दौरा, परवा निवडणूक. रोग्याचा नंबर यात कधीच लागणार नाही, कारण आजार दौऱ्याचं वेळापत्रक बघून येत नाही.

तीन, प्रत्येक तक्रारीला वेळ टाकलेली पावती. किती वाजता सांगितलं, डॉक्टरने किती वाजता पाहिलं, बाहेर न्या असं किती वाजता लिहिलं, गाडी किती वाजता निघाली. चार वेळा. प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला. आमच्या कंपन्यांमध्ये प्रिंटर बिघडला तरी हे होतं.

चार, दाखल होतानाची तपासणीची वही जेलरकडे नको. प्रत न्यायाधीशांकडे आणि कैद्याच्या वकिलाकडे.

आणि आपण काय करायचं? निषेधाच्या मेणबत्त्या राहू द्या. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, अर्जाची फी दहा रुपये, एका कॉफीच्या किमतीत वीसेक अर्ज होतात. तुमच्या जिल्ह्याच्या कारागृहाला चार प्रश्न विचारा. डॉक्टरांची मंजूर पदं किती आणि भरलेली किती? गेल्या वर्षी किती कैद्यांना बाहेरच्या रुग्णालयात न्यायला डॉक्टरने लिहून दिलं? त्यातल्या कितींना खरोखर नेलं, आणि सरासरी किती दिवसांनी? गार्ड न मिळाल्याने किती फेऱ्या रद्द झाल्या? उत्तर आलं तर आकडे कळतील. "माहिती उपलब्ध नाही" असं आलं तर तेही उत्तरच आहे, कारण मग कुणी मोजतच नाहीये हे लेखी मिळेल.

बीडचा अर्ज मी या आठवड्यात टाकतोय. पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर तुमच्याकडे.